कमिटी कागदी, करामत कडक!

सरकारी समिती म्हटलं की जांभई येते? जरा थांबा! अमेरिकेतल्या एका गाजलेल्या स्त्री-संघटनेचा जन्म झाला तो सरकारी समित्यांच्याच परिषदेत, आणि तिचं बारसं झालं जेवणाच्या टेबलावरच्या पेपर नॅपकिनवर. ती स्टोरी येतेच आहे. आधी थोडा वॉर्मअप.

१४ डिसेंबर १९६१. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला आयोग नेमला. अध्यक्ष कोण, माहीत आहे का? साक्षात एलिनॉर रूझवेल्ट! पुढच्याच वर्षी मिशिगननं आपला राज्य आयोग काढला, देशातला पहिला. मग बाकीच्या राज्यांनाही चेव आला आणि १९६७ पर्यंत पन्नासच्या पन्नास राज्यांत आयोग हजर. फुल हाऊस!

एलिनॉरबाई मात्र काम अर्धवट असतानाच, नोव्हेंबर १९६२ मध्ये गेल्या. केनेडींनी त्यांच्या जागी दुसरं कुणी नेमलंच नाही. अहवाल सादर झाला ११ ऑक्टोबर १९६३ ला. तीच तारीख का? कारण तो बाईंचा वाढदिवस.

आता या राज्य आयोगांचे अधिकार ऐका : सल्ला देणे. बस्स, एवढंच. कायदा करता येत नाही, दंड ठोकता येत नाही. पण त्यांच्याकडे एक जबरदस्त सुपरपॉवर होती, ती म्हणजे माहिती. कोणत्या राज्यात लग्न झालेल्या बाईचा मिळकतीवर किती हक्क, पगारात तफावत किती, ज्यूरीत बसायची मुभा आहे की नाही, असं सगळं कागदावर उतरलं. ज्यूरीचं म्हणाल, तर मिसिसिपीतल्या बायकांना राज्याच्या कोर्टात ज्यूरी म्हणून बसायला १९६८ उजाडावं लागलं. माणूस चंद्रावर जायला जेमतेम वर्ष उरलं होतं तेव्हा!

आणि आता नॅपकिन.

जून १९६६, वॉशिंग्टन. राज्य आयोगांची तिसरी राष्ट्रीय परिषद. थीम झोकदार : 'कृतीसाठी लक्ष्ये'. वातावरण तापलेलं, कारण नोकरीत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा कायदा १९६४ मध्ये झाला होता, तरी वर्तमानपत्रांत 'पुरुष हवेत' आणि 'स्त्रिया हव्यात' असे वेगवेगळे कॉलम खुशाल छापून येत होते. कायदा राबवायची जबाबदारी असलेली यंत्रणा ढिम्म! प्रतिनिधींना त्याविरुद्ध ठराव करायचा होता. उत्तर आलं, या परिषदेला ठराव करायचा अधिकारच नाही.

झालं! बायका पेटल्या. समारोपाच्या जेवणात लेखिका बेटी फ्रीडन यांनी नव्या संघटनेचा हेतू नॅपकिनवर खरडला. तिथल्या तिथे २८ जणींनी प्रत्येकी पाच डॉलर काढले आणि 'नाऊ', म्हणजे नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन, सुरू. नाऊ ऑर नेव्हर! आयोगांना ठराव करू दिला असता तर कदाचित ही संघटना इतक्या झटपट उभीच राहिली नसती. नकार देणाऱ्यांनी केवढा मोठा हातभार लावला बघा.

यातलं माझं लाडकं पात्र आहे कॅथरीन क्लॅरेनबाख. विस्कॉन्सिन राज्य आयोगाच्या या अध्यक्षबाई आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होत्या, वेगळी संघटना कशाला, चौकटीत राहूनच काम करू. ठराव अडला आणि त्याच बाई पुढे 'नाऊ'च्या संचालक मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. राज्य आयोगाची खुर्चीही त्यांनी सोडली नाही. डबल रोल!

पण माहीत आहे का, आयोग जसे निघाले तसे बंदही पडले? विस्कॉन्सिनचा १९७९ मध्ये गव्हर्नरांनी गुंडाळला, १९८३ मध्ये तो नव्या नावानं परतला. वॉशिंग्टन राज्याची कथा तर त्याहून भारी. १९७७ मध्ये तिथल्या विधिमंडळानं आयोगाला कायद्याचा आधार दिला. विरोधकांनी सह्या गोळा करून सार्वमत लावलं आणि मतदारांनी मोठ्या फरकानं आयोग उडवला! त्या वेळी गव्हर्नर कोण? डिक्सी ली रे, राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर. त्या राज्यात पुन्हा महिला आयोग आला २०१८ मध्ये. तब्बल ४१ वर्षांचा इंटरव्हल.

मधल्या काळात काय टिकलं? कागद! म्हणून अर्काइव्हवाल्यांना कडक सलाम. इतिवृत्तं, पत्रव्यवहार, न्यूजलेटर, कात्रणं, सगळं खोक्यांत नीट लावलेलं. केनेडींच्या आयोगाचे कागद बोस्टनच्या केनेडी लायब्ररीत आहेत. आणि हा साठा मोजतात कशात? फुटांत! शेल्फवर किती फूट जागा व्यापली, तेवढा संग्रह.

नॉर्थ कॅरोलायनाच्या आयोगाच्या अध्यक्ष तर स्वतःच इतिहासकार : अ‍ॅन फायरर स्कॉट. जुन्या पत्रांतून आणि डायऱ्यांतून दक्षिणेतल्या स्त्रियांचा इतिहास त्यांनीच लिहिला.

पेंटिंग विकून अर्काइव्ह? होय! आयोवाच्या लुईस नून यांनी आपल्याकडचं फ्रीडा कालोचं मोकळ्या केसांतलं आत्मचित्र १९९१ मध्ये लिलावात काढलं. १५ लाख डॉलरच्या वर रक्कम आली आणि त्यातून १९९२ मध्ये आयोवा विमेन्स अर्काइव्ह्ज सुरू झालं. कालोच्या मोकळ्या केसांच्या बदल्यात शेकडो बायकांच्या मोकळ्या गोष्टी!

मार्च हा अमेरिकेत महिला इतिहास मास कसा झाला? कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीच्या महिला आयोगानं १९७८ मध्ये ८ मार्च साधून एक आठवडा साजरा केला. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो देशभर नेला, १९८७ मध्ये आठवड्याचा महिना झाला.

आणि आपल्याकडे? केंद्रानं १९७१ मध्ये समिती नेमली, अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. १९७४ च्या 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' अहवालानं लोकसंख्येतलं स्त्रियांचं घटतं प्रमाण देशापुढे मांडलं आणि सगळे हादरले. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यास केंद्र उभारलं, देशातलं पहिलं. महाराष्ट्राचा राज्य महिला आयोग आला १९९३ मध्ये, आणि १९९४ मध्ये राज्यानं महिला धोरण जाहीर केलं. तेही देशात पहिलं!

जाता जाता एक टिप. असे कागद बघायला कधी एखाद्या अर्काइव्हमध्ये गेलात, तर पेन बॅगेत ठेवा. शाईचा एक थेंब अस्सल कागदाची वाट लावू शकतो, म्हणून बहुतेक ठिकाणी वाचनकक्षात एन्ट्री फक्त पेन्सिलला.