जुन्या गाडीची बॅटरी: घेताना आणि वापरताना

जुन्या बाइकवाल्यांनो, बॅटरी घेण्याआधी गाडीची सिस्टीम बघा. काही जुन्या येझदी ६ व्होल्टच्या आहेत, तिथे १२ व्होल्टची बॅटरी चालणार नाही. अँपिअर-अवर, ट्रेचं माप आणि प्लस-मायनसची बाजूही जुळायला हवी.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी दोन रेषांच्या मध्ये ठेवा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नाही.

१२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर गाडी बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे १२.६ दिसतात. गाडी रेस केल्यावर १५ च्या वर गेले तर आधी रेग्युलेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उकळून जाईल.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस!