बोटातल्या एका थेंबात काय कळते?



गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या तळांवर आरोग्य शिबिरे होतात. बोट टोचून एचआयव्हीची तपासणीही करता येते. हा विषय निघाला की गटागटांत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "एका थेंबात काय कळणार?" हा एक, आणि "कुणाचं काय निघालं ते सांगा की!" हा दुसरा.

हिवतापाचा कर्मचारी बोट टोचून काचेवर रक्त घेतो, हे आपण पाहिलेले आहे. त्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचा जंतूच शोधतात. विषाणू त्याहून फार बारीक, तो तेथे दिसत नाही. मग त्याचा माग काढायचा. आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसात दडून बसतो, दिसतो तो त्याच्या पावलांचा ठसा. विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. बोटातल्या थेंबात शोधतात ती हीच.

आता ठशावरून बिबट्या येऊन गेला एवढे कळते, अजून उसात आहे की नाही ते कळत नाही. 'क' प्रकारच्या काविळीत असेच होते. रोगी बरा झाला तरी प्रतिपिंडे राहतात, म्हणून पुढे विषाणूची वेगळी तपासणी करावी लागते. एचआयव्ही मात्र शिरला की आपोआप जात नाही, त्यामुळे तेथे प्रतिपिंडांना फार महत्त्व. पण ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. कालपरवा लागण झालेल्याचा अहवाल आज निर्दोष येईल! धोका घडला असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, असे सांगतात ते यासाठीच. दीड वर्षाच्या आतील बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असू शकतात, म्हणून त्याची तपासणी निराळी असते.

थेंब घेण्याचीही रीत आहे. बोट स्पिरिटने पुसून वाळू द्यायचे, मधल्या किंवा अनामिकेच्या शेंड्याला जरा कडेने टोचायचे, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. बोट दाबदाबून रक्त काढले तर त्यात अंगातले पाणी मिसळते. सुई प्रत्येकाला नवी, ती आपल्यासमोर फोडलेली हवी. पट्टीवरची खात्रीची रेघ उमटली नाही तर ती तपासणी बाद, पुन्हा करायची.

आम्ही डॉक्टर नव्हे, पण थेंबावरून अंदाज घेणे हे आमचे रोजचे काम. बुडख्याच्या आणि शेंड्याच्या कांड्यातला रस ब्रिक्स मीटरवर पाहून ऊस पक्व झाला का ते आम्ही ठरवतो. साखर उतारा मात्र कारखान्याची प्रयोगशाळाच सांगते. येथेही तसेच. बोटाच्या थेंबात दोष दिसला म्हणजे रोग ठरला असे नाही. शासकीय केंद्रात शिरेतले रक्त घेऊन वेगवेगळ्या पट्ट्यांवर पुन्हा तपासतात. तीनही तपासण्यांत दोष आला तरच निदान पक्के धरतात.

राहिला दुसरा प्रश्न. कुणाचे काय निघाले ते आम्ही सांगणार नाही, आणि आम्हालाही कुणी सांगणार नाही. एचआयव्ही व एड्सबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. एचआयव्ही आहे एवढ्यावरून कुणाला कामावरून काढताही येत नाही. टोळी ठरवताना "रक्त तपासून आणा" अशी अट काही बागायतदार मुकादमाला घालू पाहतात, ती चालणार नाही. नाव फुटले की कोयता उचलून माणूस रातोरात गाव सोडतो, आणि चालू असलेले औषध तुटते. औषध रोज घेतले तर तो इतरांसारखाच काम करू शकतो.

तपासणी आणि औषध शासकीय केंद्रांत मोफत आहे. विचारपूस करायची असल्यास १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. सभासदांच्या घरच्यांनाही तो तितकाच उपयोगी आहे, तो फक्त तळावरच्यांसाठी नाही.