ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्सचे ऑइल घरी कसे बदलावे?

शेतकरी बंधू इंजिनचे ऑइल वेळेवर बदलतात. गिअर बॉक्सकडे मात्र दुर्लक्ष होते. भात खाचरात चिखलणी करताना झिजलेल्या ऑइल सीलमधून किंवा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून पाणी आत शिरते. ऑइल दुधाळ होते, वंगण कमी पडते आणि बेअरिंग व गिअरचे दाते झिजतात. गिअर बॉक्स खोलावा लागल्यास खर्च तर होतोच, शिवाय ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. म्हणून चिखलणी संपताच ऑइल तपासावे.

ऑइलची निवड : बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यांना एकच ऑइल असते. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर साधे ९० नंबरचे ऑइल चालत नाही. ऑइलची प्रत, लिटर व बदलण्याचे तास माहिती पुस्तिकेत पाहावेत.

कृती :

१. थोडे काम करून ऑइल कोमट झाल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. हायड्रॉलिक खाली टेकवून इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत.

२. ऑइल भरण्याचे झाकण आधी उघडून पाहावे. ते निघालेच नाही, तर रिकामा ट्रॅक्टर जागेवर अडकतो.

३. खाली पसरट भांडे ठेवून ड्रेन प्लग काढावेत. ते एकापेक्षा जास्त असू शकतात. ऑइल पूर्ण निथळू द्यावे.

४. प्लग पुसून, नवा वायसर घालून घट्ट बसवावेत. हायड्रॉलिक फिल्टरही साफ करावा किंवा बदलावा.

५. स्वच्छ नरसाळ्याने ऑइल भरावे. इंजिन थोडा वेळ चालवून, हायड्रॉलिक वर-खाली करून बंद करावे व पातळी पुन्हा पाहावी.

जुने ऑइल काय सांगते? : प्लगच्या चुंबकावर बारीक काळपट लगदा असणे स्वाभाविक आहे. लोखंडाचे तुकडे किंवा कपच्या दिसल्यास मेकॅनिकला दाखवावे. ऑइल दुधाळ असल्यास ते नुसते बदलून भागत नाही. पाणी शिरण्याची जागा शोधून सील बदलावे. अन्यथा नवे ऑइलही वाया जाईल.

जुने ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. बदलाची तारीख व मीटरवरील तास वहीत लिहून ठेवावेत.