रविवारची शर्यत

स्पर्धा आणि नम्रता या दोघी जावा एका घरात कशा नांदायच्या, हे कोडे मला नेहमी पडते. पहिले यायचे म्हणजे दुसऱ्याला मागे टाकायचे. आणि ख्रिस्ताची शिकवण तर पंगतीत शेवटच्या जागी बसण्याची! मग खरा ख्रिस्ती माणूस शर्यतीत उतरणार तरी कसा? अशा वेळी मला एरिक लिडेल आठवतो.

हा स्कॉटिश गडी जन्मला चीनमधील तिएन्त्सिन येथे, १९०२ साली, मिशनरी आईबापांच्या पोटी. रग्बीत तो स्कॉटलंडकडून खेळला. धावू लागला की नुसता वारा! १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत त्याच्यावर मोठी भिस्त होती. पण तिची पहिली फेरी नेमकी रविवारी. रविवार प्रभूचा, त्या दिवशी धावणार नाही, असे त्याने सांगून टाकले. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटात हे त्याला बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ते त्याला कितीतरी महिने आधी ठाऊक होते. गाजावाजा न करता त्याने चारशे मीटरचा सराव केला आणि ११ जुलैला ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. शंभर मीटरचे सुवर्ण त्याच्याच संघातील हॅरल्ड अब्राहम्सने पटकावले.

तुम्ही म्हणाल, “यात नम्रता कसली? हा तर हट्ट!” शंका रास्त आहे. माझ्या मते तिचे उत्तर पॅरिसच्या मैदानात नाही, चीनमधल्या एका छावणीत आहे.

१९२५ साली, ऐन कीर्तीच्या भरात, लिडेल तिएन्त्सिनला परतला आणि शाळामास्तर झाला. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत डांबले. तेथे तो मुलांचा ‘एरिककाका’ बनला. त्यांना शिकवी, त्यांचे सामने भरवी. मात्र रविवारी खेळ नाही, हा नियम कायम! एका रविवारी पोरे आपली आपणच हॉकी खेळली. पंच नव्हता, तेव्हा मारामारी जुंपली. पुढच्या रविवारी पंच म्हणून कोण उभे? खुद्द एरिककाका!

ज्या नियमापायी त्याने शंभर मीटरच्या पदकावर पाणी सोडले, तोच नियम त्याने पोरांची भांडणे मिटावीत म्हणून बाजूला ठेवला. स्वतःसाठी मोडला नाही, दुसऱ्यांसाठी मोडला. हट्टी माणसाला हे साधत नाही.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्याच छावणीत त्याचे निधन झाले. सुटका अवघ्या सहा महिन्यांवर आली होती. त्यापूर्वी आपले धावण्याचे जुने बूट डागडुजी करून त्याने छावणीतल्या एका मुलाला देऊन टाकले होते.

पहिला नंबर आण, असे आपण मुलांना सांगतोच, जरूर सांगावे. पण पहिल्या आलेल्या माणसाने आपले बूट कोणाला दिले, तेही कधीतरी सांगावे.