बांडी शेळी

२०२३ साली आमच्या जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. लातूर, सोलापूर, परभणी, अहिल्यानगर या भागांतही ती याच नावाने ओळखली जाते. नाव घेताच डोळ्यांसमोर येते ती काळी कुळकुळीत, लोंबत्या कानांची शेळी. पण कळपात जाऊन पाहावे. चारांतल्या सुमारे तीन काळ्या. उरलेल्यांत पांढऱ्या, तांबड्या, बांड्या, सगळ्या असतात.

बँकेत असताना मला हे ठाऊक नव्हते. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही शेळ्यांसाठी कर्जे देत असू. तुळजापूर तालुक्यातल्या एका बाजारात एका मावशींनी निवडलेली बांडी शेळी मी नाकारली. म्हणालो, "ही अस्सल नाही." मावशी म्हणाल्या, "सायेब, मला तिची करडं वाढवायचीत. लगीन नाही लावायचं तिचं." लोक हसले. मी मात्र काळीच घ्यायला लावली. ती बांडी त्यांच्या शेजारणीने रोख पैसे देऊन नेली. पुढे वसुलीला गेलो, तर बांडीने दोन्ही वेतांना जुळी दिली होती. काळीला एकेकच करडू. मावशींनी हप्ते रोजगाराला जाऊन फेडले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच अजून टोचते.

रंगाचा हा मोह जुना आहे. अँडलुशियन जातीच्या निळसर कोंबड्या प्रदर्शनांत मिरवणाऱ्या युरोपातल्या हौशी मंडळींनी निळ्याला निळीच जोडली. तरी पिल्ले निम्मीच निळी निघत. उरलेली काळी, नाहीतर ठिपक्यांची पांढरट. मंडळी म्हणत, रक्तात भेसळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट यांनी मेंडेलच्या नियमांनी उलगडा केला : निळा रंग म्हणजे काळ्याचा आणि पांढरट रंगाचा एकेक वाटा. 'भेसळ' म्हणून बाजूला काढलेली काळी आणि पांढरट जोडली, तर सगळी पिल्ले निळी!

आमच्या शेळ्यांचे रंग इतक्या सोप्या हिशेबात बसत नाहीत. पण धडा तोच आहे. काळ्या बोकडाला बांडी शेळी दाखवल्याने जात बाटत नाही; ती दोघे एकाच घरची. मावशींना हवी होती ती जुळी, आणि ती कातडीवर लिहिलेली नसतात. त्यासाठी आईची वेते आठवावी लागतात. ते पुस्तक मावशींच्या डोक्यात होते, माझ्या फायलीत नव्हते.

जात खालावते ती वेगळ्याच वाटेने. कळपातला सर्वांत भरदार बोकड बकरी ईदेला किंवा जत्रेला चांगला भाव घेऊन जातो. मागे उरलेला किरकोळ बोकडच पुढच्या पिढीचा बाप होतो, पुष्कळदा आपल्याच बहिणींना आणि लेकींना लागून. गरजवंताला चांगला पैसा सोडा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? पण गावाने मिळून जुळ्यातला एक उमदा बोकड राखावा, आणि त्याच्या लेकी वयात आल्या की दुसऱ्या गावाशी बदलून घ्यावा. तो काळा असो की बांडा, आधी त्याच्या आईची चौकशी करावी.