परवान्याविना ‘प्रवास’ : अमेरिकेतील एका दाव्याची कायदेशीर चिकित्सा

अमेरिकेच्या रस्त्यांवर अधूनमधून अशी एखादी मोटार आढळते, की तिच्या नंबरप्लेटवर कोणत्याही राज्याचे नाव नसते. त्याजागी ‘खासगी वाहन, भाड्यासाठी नाही’ अशा मजकुराची घरगुती पाटी असते. पोलिसांनी गाडी अडवून परवाना मागितला, की चालक उत्तर देतो : ‘मी वाहन चालवत नाही, प्रवास करतो आहे, आणि प्रवासाला परवाना लागत नाही.’ स्वतःला ‘सार्वभौम नागरिक’ म्हणविणाऱ्या गटांचा हा ठरलेला युक्तिवाद आहे. न्यायालयांनी तो वारंवार फेटाळला आहे. तरीही त्यावर विश्वास ठेवून दंड, जप्ती आणि प्रसंगी तुरुंगवास ओढवून घेणारे लोक कमी होत नाहीत.

दावा काय आहे?

या मंडळींच्या मते ‘ड्रायव्हर’ म्हणजे मोबदला घेऊन माल किंवा उतारू वाहणारा व्यावसायिक. खासगी कामासाठी मोटार नेणारा हा केवळ ‘प्रवासी’ असल्याने त्याला मोटार वाहन कायदा लागू होत नाही. परवाना व वाहननोंदणी हे राज्याशी स्वेच्छेने केलेले करार आहेत. त्यामुळे नोटीस पाठवून, कागदपत्रे परत करून ते रद्द करता येतात, असेही सांगितले जाते. ही विचारसरणी १९७० च्या दशकातील ‘पॉसी कोमिटाटस’ या सरकारविरोधी व वंशद्वेष्ट्या चळवळीतून वाढली. पुढे मात्र तिचा मूळ इतिहास ठाऊकही नसलेल्या, कर्जाने किंवा दंडाने गांजलेल्या विविध वंशांच्या लोकांपर्यंत ती पोहोचली.

अर्धाच वाचलेला निकाल

या दाव्याच्या पुष्ट्यर्थ व्हर्जिनियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा ‘थॉम्पसन विरुद्ध स्मिथ’ हा १९३० चा निकाल हमखास पुढे केला जातो. सार्वजनिक रस्त्यावर मोटारीने जाणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यात खरोखरच म्हटले आहे. मात्र, सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या नियमांनुसार वाहन चालविण्याचे परवाने देणे, नाकारणे किंवा रद्द करणे शहराला शक्य आहे, असेही तोच निकाल स्पष्ट करतो. परवाना मनमानीने रद्द करता येत नाही, एवढाच त्याचा रोख होता. परवानाच नको, असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. हा उत्तरार्ध वगळून पूर्वार्ध तेवढा वाटला जातो.

मुख्य प्रश्नाचा निकाल तर त्याही आधी लागला होता. न्यूयॉर्कने १९०१ मध्ये वाहननोंदणी आणि मॅसॅच्युसेट्स व मिसुरी या राज्यांनी १९०३ मध्ये चालक परवाना सुरू केल्यानंतर हा वाद न्यायालयांत जाणे अपरिहार्यच होते. वॉशिंग्टनमधील एका रहिवाशाला मेरिलँडमध्ये तेथील नोंदणीविना मोटार चालविल्याबद्दल १९१० साली दंड झाला. ‘हेंड्रिक विरुद्ध मेरिलँड’ या त्याच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये राज्याच्या बाजूने कौल दिला. मोटारींमुळे जनतेच्या सुरक्षिततेला सतत धोका असल्याने राज्ये नोंदणी आणि परवाना सक्तीचा करू शकतात, हे तेव्हाच ठरले. संचाराचा हक्क अमेरिकी न्यायालये आजही मानतात. परंतु तो विशिष्ट वाहन स्वतः चालविण्याचा हक्क नव्हे, असे नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये ‘मिलर विरुद्ध रीड’ खटल्यात बजावले.

तक्रारी खऱ्या, उपाय व्यवस्थेतच

सरकारकडे जमा होणाऱ्या माहितीविषयीची शंका मात्र सर्वस्वी निराधार नाही. १९८९ मध्ये एका तरुण अभिनेत्रीची हत्या करणाऱ्याने तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून मिळविला होता. त्यानंतर १९९४ मध्ये काँग्रेसने या नोंदींच्या गोपनीयतेसाठी स्वतंत्र कायदा केला. एकदा दिलेला परवाना सुनावणीविना काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ठरविले. तर कसलाही संशय नसताना केवळ कागदपत्रे तपासण्यासाठी पोलिसांनी मनात येईल ती मोटार अडवू नये, असे १९७९ मध्ये सांगितले. छायाचित्र काढणे धर्मबाह्य मानणाऱ्या नेब्रास्कातील एका महिलेला छायाचित्राविना परवाना देण्याचा अपील न्यायालयाचा आदेश १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने कायम राहिला. हे सारे संरक्षण कायद्याच्या चौकटीत राहून भांडणाऱ्यांनी मिळविलेले आहे.

किंमत कोण मोजतो?

‘सार्वभौम’ कागदपत्रे, बनावट पाट्या आणि मार्गदर्शन वर्ग हा अनेकांचा धंदा झाला आहे. कॅनडातील अल्बर्टाच्या न्यायालयाने २०१२ मधील ‘मीड्स विरुद्ध मीड्स’ या निकालपत्रात अशा ‘गुरूं’चा सविस्तर समाचार घेतला. पैसे गुरूला मिळतात. गाडी मात्र अनुयायाची उचलली जाते. साध्या दंडावर मिटणारे प्रकरण हुज्जतीमुळे अटकेपर्यंत जाते. नोंदणी व विमा नसलेल्या वाहनाने अपघात केल्यास जखमीने भरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न उरतोच. काही वेळा परिणाम याहून भीषण होतो. २० मे २०१० रोजी आर्कान्सामधील वेस्ट मेंफिस येथे वाहन अडविणाऱ्या दोन पोलिसांना याच विचारांच्या बापलेकांनी गोळ्या घालून ठार केले. नंतरच्या चकमकीत ते दोघेही मारले गेले.

खरोखर बाहेर राहणारे

मोटारीच्या जगापासून प्रामाणिकपणे दूर राहणारा एक समाज अमेरिकेत आहे. परंपरानिष्ठ आमिश कुटुंबे स्वतःची मोटार बाळगत नाहीत; घोड्याच्या बग्गीतून ये-जा करतात आणि त्यासाठी चालक परवाना मागत नाहीत. मात्र रस्ता सर्वांचा असल्याने त्यांनाही काही नियम पाळावे लागतात. बग्गीमागे भडक रंगाचा त्रिकोण लावण्यास त्यांच्यातील काहींनी धार्मिक कारणास्तव नकार दिला, तेव्हा मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये परावर्तक पट्टी आणि कंदिलाचा पर्याय मान्य केला. इंडियानातील काही काउंटींमध्ये तर या बग्ग्यांनाही नंबरप्लेट लावावी लागते आणि तिचे शुल्क रस्त्यांच्या देखभालीसाठी वापरले जाते.