विश्लेषण : युद्ध जिंकलेला सम्राट हतबल का? ‘ड्यून मेसाया’ कादंबरीत नेमके काय आहे?

‘ड्यून’ चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. हा भाग फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६९ मधील ‘ड्यून मेसाया’ या कादंबरीवर बेतलेला आहे. पहिल्या दोन चित्रपटांत ज्याच्या विजयासाठी प्रेक्षक श्वास रोखून बसले होते, त्या नायकाचे विजयानंतर काय झाले, हे सांगणारी ही कादंबरी. मूळ ‘ड्यून’च्या तुलनेत ती बरीच लहान आहे आणि बऱ्याच वाचकांना ती आवडली नव्हती. त्यामागची कारणे पाहताना कथेचा शेवटही ओघाने येणार आहे. तो आधी कळू नये असे वाटणाऱ्यांनी इथेच थांबलेले बरे.

आधीच्या भागात काय घडले?

अराकिस हा वाळवंटी ग्रह. तिथे मिळणाऱ्या ‘स्पाइस’ या पदार्थावाचून ताऱ्यांदरम्यानचा प्रवास शक्य नाही, त्यामुळे ज्याच्या हाती अराकिस त्याच्या हाती साम्राज्य. अट्रेडीस घराण्याला हा ग्रह दिला जातो आणि हार्कोनेन हे वैरी घराणे सम्राटाच्या मदतीने त्यांचा घात करते. वाचलेला तरुण वारस पॉल वाळवंटातील फ्रेमेन लोकांच्या आश्रयाला जातो. बेनी जेसेरिट या स्त्रियांच्या गूढ संघटनेने या लोकांत पिढ्यान्पिढ्या आधीच तारणहाराची दंतकथा पेरून ठेवलेली असते. पॉल त्या दंतकथेत नेमका बसतो, फ्रेमेन सैन्य उभे करतो, सम्राटाला नमवतो आणि त्याची मुलगी इरुलान हिच्याशी नावापुरते लग्न करून गादीवर बसतो. त्याचे प्रेम मात्र चानी या फ्रेमेन स्त्रीवर आहे.

हे कथानक ‘स्पेस ऑपेरा’ या प्रकारात मोडते. या नावाचा गाण्याशी संबंध नाही. विल्सन टकर या लेखकाने १९४१ मध्ये रटाळ अंतराळकथांची टर उडवण्यासाठी, रेडिओवरच्या ‘सोप ऑपेरा’च्या धर्तीवर, हा शब्द काढला. पुढे शिवीचे बिरुद झाले. घराणी, गाद्या, ग्रहांची युद्धे हा या प्रकाराचा ठरलेला ऐवज असतो आणि गोष्ट बहुतेक वेळा राज्याभिषेकापाशी संपते. हर्बर्ट यांची दुसरी कादंबरी राज्याभिषेकानंतर १२ वर्षांनी सुरू होते.

युद्धानंतरचे साम्राज्य कसे आहे?

या १२ वर्षांत फ्रेमेन सैन्याने पॉलच्या नावाने विश्वभर युद्ध केले. कादंबरीत त्यासाठी ‘जिहाद’ हाच शब्द आहे; फ्रेमेन संस्कृती रचताना हर्बर्ट यांनी अरबी शब्द आणि वाळवंटी टोळ्यांचा इतिहास मुबलक वापरला होता. चित्रपटांनी ‘होली वॉर’ हा शब्द पसंत केला. मराठीत त्याला धर्मयुद्ध म्हणावे तर पंचाईत होते, कारण आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून लढलेले युद्ध. इथे नियम कोणताच नाही. ६१ अब्ज माणसे मेली, ९० ग्रह निर्जीव झाले, ४० धर्म अनुयायांसकट पुसले गेले. आजच्या पृथ्वीची लोकसंख्या आठ अब्जांच्या घरात आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अंदाज येतो. हा हिशेब पॉल स्वतःच सांगतो. चंगेझखान आणि हिटलर यांची उदाहरणे तो आपला जुना सहकारी स्टिल्गारसमोर ठेवतो, तेव्हा त्या भाबड्या योद्ध्याला त्यांचे आकडे किरकोळ वाटतात.

हे सारे घडते मात्र पडद्याआड. रणांगण कादंबरीत जवळपास नाहीच. त्याऐवजी फारोक नावाचा म्हातारा फ्रेमेन सैनिक भेटतो. तो युद्धाला गेला तो श्रद्धेपोटी नव्हे. जन्मभर वाळू पाहिलेल्या या माणसाला समुद्र बघायचा होता. समुद्र त्याने पाहिला, त्यात उतरलाही, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्यातली युद्धाची धुंदी उतरलेली होती. त्याचा मुलगा युद्धात डोळे गमावून परतला आहे. आता हाच फारोक पॉलविरुद्धच्या कटात सामील आहे. अंतराळयुद्धाबद्दल शेकडो पानांच्या वर्णनातून जे कळले नसते ते या एका प्रकरणातून कळते, असे आमचे मत आहे.

राजधानीचे रूपही पालटले आहे. पॉलच्या भव्य वाड्याभोवती यात्रेकरूंची रीघ लागलेली असते, पॉलच्या बहिणीच्या, आलियाच्या मंदिरात पूजा होते. धर्म आणि कारभार एकाच पुरोहितवर्गाच्या हाती आहे. थेंब थेंब पाणी जपणाऱ्या फ्रेमेनांची जुनी शिस्त सैल पडत चालली आहे. सम्राटाला हे सगळे थांबवायचे आहे. पण जो स्वतः देव आहे त्याने ‘मी देव नाही’ म्हटले तर भक्त त्यातही लीलाच पाहतात.

राजघराण्यातच कट कसा शिजतो?

कट करणारे चौघे पहिल्या पानांतच समोर येतात, त्यामुळे ‘कोण’ हे कोडे नाही. बेनी जेसेरिटची वृद्ध धर्ममाता, रूप बदलू शकणारा सायटेल, अंतराळप्रवासावर मक्तेदारी असलेल्या गिल्डचा एड्रिक आणि खुद्द सम्राज्ञी इरुलान. पॉलला भविष्य दिसते, मग कट त्याला कसा कळत नाही? एड्रिकलाही भविष्य दिसते आणि असा माणूस जवळ असला की भोवतालच्या घडामोडी दुसऱ्या द्रष्ट्याला धूसर होतात. तेवढ्यासाठीच त्याला कटात घेतले आहे.

खरी गुंतागुंत वारसाची आहे. इरुलानला पॉलपासून मूल हवे आहे, तो तिच्या जवळही जात नाही. म्हणून ती चानीला गुपचूप गर्भनिरोधक देत राहते. चानीला संशय येतो, ती फ्रेमेनांच्या जुन्या आहारपद्धतीकडे वळते आणि गरोदर राहते. पण औषधाने शरीर पोखरलेले आहे. इरुलानचा हा विश्वासघात पॉलला ठाऊक आहे आणि तो तिला शिक्षा करत नाही. कारण चानी बाळंतपणात मरणार हे त्याने पाहिलेले आहे. ते बाळंतपण इरुलानच्या औषधाने इतकी वर्षे लांबवले. ज्या विषामुळे पत्नीचा जीव जाणार, त्याच विषाने तिला आयुष्याची काही वर्षे मिळवून दिली, आणि नवरा त्याबद्दल मनातल्या मनात कृतज्ञ आहे. राजघराण्यांच्या कथांत विषप्रयोग नवे नाहीत, पण हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो.

कटवाल्यांचे मुख्य शस्त्र वेगळेच आहे. अट्रेडीस घराण्यासाठी प्राण दिलेल्या डंकन आयडाहोचा देह पुन्हा जिवंत करून तो पॉलला भेट दिला जातो. अशा पुनर्जीवित देहाला कादंबरीत ‘घोला’ म्हटले आहे. हा धोका आहे हे पॉल ओळखतो, भेट आणणारेही ते लपवत नाहीत. तरी तो मित्राचा चेहरा परत पाठवू शकत नाही.

भविष्य दिसत असूनही सुटका का नाही?

एका अस्त्राच्या स्फोटात पॉलचे डोळे जातात. त्यानंतरही तो सराईतपणे वावरतो, कारण पुढचा प्रत्येक क्षण त्याने आधीच पाहिलेला आहे. सामान्य लोकांना हा चमत्कार वाटतो. वस्तुस्थिती उलट आहे : दिसायचे असेल तर पाहिलेल्या भविष्याबरहुकूमच चालले पाहिजे. वाट बदलली की अंधार. विश्वातला सर्वात शक्तिमान माणूस एक पाऊलही मनाप्रमाणे टाकू शकत नाही.

चानी जुळ्यांना जन्म देऊन मरण पावते. तान्ह्या मुलांवर सुरी धरून सायटेल सौदा मांडतो : राज्य सोड, मी चानीलाही जिवंत करून देतो. आयडाहोची जुनी स्मृती नुकतीच जागी झाल्याने हे शक्य असल्याचा पुरावाही समोर असतो. पॉल सौदा नाकारतो, सायटेलला मारतो आणि आंधळ्याने वाळवंटात निघून जावे हा फ्रेमेनांचा रिवाज पाळत एकटा चालू लागतो. यामागे दुःख आहे तसे राजकारणही आहे. रिवाज पाळणाऱ्या पॉलच्या मुलांशी फ्रेमेन आता एकनिष्ठ राहणार असतात.

महाभारतही युद्धापाशी संपत नाही, हे आपल्या वाचकाला सांगायला नको. जिंकल्यावर राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर आपल्या ओळखीचा आहे. पण त्याला समजावायला भीष्म होते. पॉलभोवती समजावणारे कोणी नाही, सगळे पूजा करणारे आहेत.

संपादकाने ही कादंबरी का नाकारली?

वीसहून अधिक प्रकाशकांनी परत पाठवलेली ‘ड्यून’ १९६५ मध्ये अखेर चिल्टन या मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशनाने काढली. त्याआधी ती ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात क्रमशः आली होती. पुढे तिला ह्युगो आणि नेब्युला हे दोन्ही सन्मान मिळाले. ‘अ‍ॅनालॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ‘मेसाया’ मात्र नाकारली. त्यांना नायक हवा होता, इथे नायकाचा पराभव होता. मग ती ‘गॅलेक्सी’ मासिकातून प्रसिद्ध झाली.

वास्तविक हर्बर्ट यांनी नायकाला मागाहून खाली खेचले असे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कादंबरीचे काही भाग ‘ड्यून’ पूर्ण होण्यापूर्वीच लिहून झाले होते. करिश्मा असलेल्या नेत्यांवर धोक्याची सूचना छापलेली असावी, असे ते भाषणांत सांगत. जॉन केनेडी यांना ते घातक अध्यक्षांत गणत, कारण लोक त्यांना प्रश्न न विचारता मागे गेले.

तरीही हा इशारा कादंबरीत पूर्ण उतरला आहे असे म्हणता येत नाही. मेलेले ६१ अब्ज आकड्यातच राहतात, अश्रू येतात ते पॉलसाठी. वाळवंटात निघून जाणारा आंधळा सम्राट शेवटी पुन्हा दंतकथाच बनतो. नायकपूजेविरुद्ध लिहिताना हर्बर्टही नायकाच्या प्रेमात राहिले, हा आक्षेप ‘मेसाया’वर घेता येतो.

चित्रपटापुढे पेच कोणता?

दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांनी २०२४ च्या दुसऱ्या भागात दोन मोठे बदल केले. मूळ कादंबरीत चानी पॉलसोबत राहते; चित्रपटात ती त्याचा लग्नाचा निर्णय पाहून पाठ फिरवते आणि वाळवंटात निघून जाते. पुस्तकात आलियाचा जन्म झालेला असतो, चित्रपटात ती अजून आईच्या पोटात आहे. पहिल्या बदलामुळे पॉलवर प्रश्न विचारणारे एक माणूस कथेला मिळाले, जे पुस्तकात नाही. पण ‘मेसाया’चा सारा डोलारा चानी आणि पॉल यांच्या सहजीवनावर उभा आहे. ती परतली कशी, हे आधी दाखवावे लागेल. २००३ च्या दूरचित्रवाणी मालिकेने ही कादंबरी पहिल्याच भागात उरकली होती. संपूर्ण चित्रपट तिच्यावर उभा करायचा तर बंद दालनांतली बोलणी आणि एका माणसाच्या डोक्यातले भविष्य भव्य पडद्यावर कसे आणायचे, हा प्रश्नही आहेच.